मोहोरबंद मोटार

सोनवळीच्या महाराजांची मोटार राजवाड्यातून मोठ्या दिमाखात निघायची आणि कोसभर जाऊन रस्त्यातच बसकण मारायची. आधी दोन आचके, मग खोकला, मग शांतता. त्या शांततेत पेट्रोल ओढणारा विजेचा पंप तेवढा टिकटिकत राही आणि त्याच्या तालावर महाराजांचं डोकं तापत जाई.

हा पंप नुकताच मुंबईहून दुरुस्त होऊन आला होता. आतला पडदा नवा, स्प्रिंग नवी. तेव्हा पंपात दोष असूच शकत नाही, असं महाराजांनी ठरवून टाकलं. राहता राहिला ड्रायव्हर केरबा. त्या बिचाऱ्यानं वायर बदलली, पॉइंट घासले, जाळी धुतली, नळीत फुंकर मारून पाहिली. सगळं ठीक. तासभर उभी राहिली की मोटार आपणहून सुरू व्हायची, थोडी चालायची आणि मानपानावरून रुसलेल्या जावयासारखी पुन्हा अडून बसायची.

खरी मेख टाकीच्या झाकणात होती. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर मिळायचं. आपलं पेट्रोल कोणीतरी चोरतंय, असं महाराजांच्या मनानं घेतलं. मग त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, झाकणावर चांगली बोटभर लाख ओतली आणि तिच्यावर गादीची मोहोर उठवली. वर दवंडी पिटवली, की ही मोहोर जो तोडेल तो संस्थानातून हद्दपार. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते त्या लाखेखाली बुजलं. आत हवा जाईना, म्हणून बाहेर पेट्रोल येईना. तासाभरात कुठल्याशा फटीतून थोडी हवा झिरपे, तेवढ्यापुरती मोटार चाले.

केरबाला हे उमगलं होतं. पण गादीची मोहोर चुकली, हे गादीवर बसलेल्याला सांगायचं कोणी? सोनवळीत असं सांगणारा शेवटचा माणूस महाराजांच्या आजोबांच्या काळात होऊन गेला, आणि त्याची नातवंडं अजून शेजारच्या संस्थानात राहत होती.

अशात युवराजांचा साखरपुडा ठरला, तोही हद्दीपलीकडच्या भैरवगडात. आदल्या दिवशी सकाळी महाराजांनी केरबाला बोलावून बजावलं, की उद्या मोटार वाटेत थांबली आणि व्याह्यांसमोर आमची शोभा झाली तर तू हद्दपार. मोहोरेला हात लावलास तरी हद्दपार. केरबाला इकडे आड, तिकडे विहीर झालं.

तो थेट राजवाड्याच्या मुदपाकखान्यामागं गेला. त्याची लेक सुंद्रा तिथं वाढपाचं काम करायची. पोरगी जिभेची तिखट, महाराजांनाही ठाऊक असलेली. केरबानं सगळं सांगितलं आणि घरदार कसं हलवायचं याचा हिशोब मांडायला लागला. सुंद्रानं त्याला मध्येच थांबवलं.

"आबा, तुमी सांगू नगा. मीबी सांगत न्हाई. त्येंच्याच तोंडनं वदवून घेऊ की."

दुपारी पंगत बसली. महाराजांच्या शेजारी फडणीस. त्या दिवशी महाराजांच्या ताटात ठेचा अंमळ जास्तच पडला होता. कोणी वाढला ते सांगायला नकोच. दुसऱ्याच घासाला महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पेला पुढं केला. सुंद्रानं चांदीची झारी वाकवली. चार थेंब पडले आणि धार बंद.

"पाणी का येत नाही?" महाराज हाशहुश करत म्हणाले.

"झारी तर भरल्याली हाय, सरकार. परवाच सोनाराकडनं दुरुस्तबी होऊन आलीया, तवा तिच्यात काय दोष नसंल. म्हंजी माझाच असनार. मला हद्दपार करा."

महाराजांनी झारी ओढून घेतली. झाकणावर बोटभर कणीक थापलेली होती आणि तिच्यावर अंगठा उठवलेला होता.

"हे काय आहे?"

"मोहोर हाय, सरकार. पानी चोरीला जातंय असा वहीम आला मला."

"अगं खुळे, तोंड असं लिंपून टाकल्यावर आत वारा जाणार कुठून? आणि वारा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येईल कसं? एवढी साधी गोष्ट कळू नये?"

"आत्ता कळली," सुंद्रा मान खाली घालून म्हणाली. "आमच्या आबास्नीबी येवढी समजावून सांगा. उगंच रोज पंप खोलत बसत्यात."

फडणीस भातात तोंड घालून बसले. महाराज झारीकडे बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच्या हातानं कणीक खरवडून काढली आणि घटाघट पाणी प्यायले. त्यांना सगळं समजलं होतं. पण हट्टी माणूस समजल्यावर लगेच सोडतो थोडाच?

"ठीक आहे," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "मोहोर तोडल्याशिवाय मोटार चालायची नाही. पण तोडेल तो हद्दपार, ही दवंडी आमची. आमचा शब्द मोडायचा नाही आणि उद्या मोटार भैरवगडला पोचली पाहिजे. आता बोल, शहाणे. नाहीतर बापलेक दोघंही गाठोडं बांधा."

सुंद्रानं आधी पेला भरून दिला.

"मोहोर आपुन सोताच्या हातानं तोडा, सरकार. आन् हद्दपार व्हा."

फडणीसांना ठसका लागला.

"उद्या भैरवगडला जायाचंच हाय न्हवं? ते हद्दीपल्याडच की. मोटारीत बसून ऐटीत हद्दपार व्हा, साखरपुडा उरका आन् सांजच्याला माघारी या. माघारी येऊ ने, आसं दवंडीत कुटं हाय?"

महाराज असे हसले, असे हसले, की त्यांना पुन्हा पाणी मागावं लागलं. झारी त्यांनी तिथल्या तिथं सुंद्राच्या हाती ठेवली, ही तुलाच, म्हणाले. केरबाला व्याह्यांकडे मिरवायला जरीचा पटका मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी भर चौकात मोहोर फोडली आणि ताशांच्या गजरात ते हद्दपार झाले. मोटार वाटेत एकदाही थांबली नाही.