खांडीवरची हाक

पुलावर उभं राहून डावीकडं बघा. काळ्या दगडांचा बंधारा दिसतो ना, त्याच्या मधोमध माणूस आडवा निजेल एवढी खांड आहे. येणारा-जाणारा विचारतो, एवढा भक्कम बांध, मग मधेच फुटका का ठेवलाय? मागे एक साहेब आले होते, सिमेंटच्या गोण्या घेऊनच. आमच्या दहिगडच्या बायांनी त्यांना चहा पाजला आणि गोण्यांसकट परत पाठवलं. ही खांड बुजवायची नसते. एकदा बुजवली होती, ते पुरे झालं.

ही आरणी नदी. आता अलीकडचं दहिगड नि पलीकडचं मेहूर एकाच तालुक्यात आहेत, एकाच बाजाराला जातात. पण पूर्वी हे दोन मुलूख होते, दोन राजे होते, नदीच्या काठाकाठानं दोघांचे पहारे होते. नदी निघते दहिगडच्या डोंगरात, आणि बंधाऱ्याच्या खाली वळण घेऊन मेहूरच्या मुलखात शिरते. बंधारा दोन्हीकडच्या पूर्वजांनी मिळून बांधला, असं सांगतात. बाजूच्या पाटानं दहिगडची शेतं भिजायची, खांडीतून उरलेलं पाणी मेहूरला जायचं. त्यांनी नदीत उभं राहून शपथ घेतली होती, की खांड मोकळी राहील. आणि कधी बुजवायची वेळ आलीच, तर राजघराण्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं पहिला दगड आपल्या हातानं ठेवावा, त्याशिवाय गवंड्यानं थापीला हात लावू नये. आई माणूस असं करणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. बायांच्या डोक्यावर ओझं टाकायला पुरुष पहिल्यापासून हुशार.

मग दहिगडच्या गादीवर रायमल राजा आला. त्याची आई मैनामाय. तिची लेक केसर मेहूरच्या राजाला दिलेली. म्हणजे वर भाऊ, खाली बहीण, मधे नदी. रायमल काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्या राज्याचं पूर्वेचं रान कोरडं ठाक होतं, तिथली माणसं गुरं घेऊन भटकत होती. त्यानं टेकडी फोडून लांब पाट खणायला घेतला. आरणीचं सगळं पाणी तिकडं वळवायचं ठरवलं. मेहूरचे वकील आले, म्हणाले, "शपथ आहे." रायमल म्हणाला, "पाऊस माझ्या डोंगरावर पडतो, पाणी माझं." वकील म्हणाले, "मग पुराचं पाणीही ठेवून घ्या की, ते बरं आमच्या घरात सोडता!" असं बोलणं वाढत गेलं. पहारे वाढले. बाजार बंद झाला. पाट खणून तयार झाला, पण पाणी त्यात चढेना, कारण खांड मोकळी होती. आणि मैनामाय दगड ठेवेना.

"माय, एक दगड," रायमल म्हणायचा. "एका दगडानं सगळं पूर्वेचं रान हिरवं होईल."

"आणि तुझी बहीण काय वाळू पिईल?" मैनामाय म्हणायची. ती जेवायला बसली की हे, देवापुढं बसली की हे. तरी ती हलली नाही.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आपल्याकडं लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्या दिवशी नदीच्या दोन काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, हा तेव्हापासूनचा, त्याच्याही आधीचा रिवाज. मनापासून घालतात. पण त्याला एक नेम आहे. आखाजीची शिवी आखाजीच्या उन्हातच वाळली पाहिजे, घरी न्यायची नाही.

त्या वर्षी रायमलनं बहिणीला आणायला मुऱ्हाळी पाठवला नाही. मैनामायनं एकदा विषय काढला, मग गप्प बसली. त्यामुळं केसर माहेरच्या काठावर असायची ती सासरच्या काठावर उभी राहिली. इकडून बाया ओरडल्या, "मेहूरच्या बायांनो, तुमचे मांडे बघून कुत्रं उपाशी परत गेलं!" तिकडून आवाज आला, "गेलं ते तुमच्याकडंच आलं, बघा राजवाड्यात बसलंय!" दोन्हीकडं हशा. मग केसर पुढं आली, पदर खोचला आणि हात नाचवत म्हणाली,

"वो माय! तुझं दूधच पातळ होतं वाटतं! बहिणीच्या तोंडचं पाणी काढतो, असा कसा वं राजा पाजलास?"

पलीकडं हसू फुटलं. ते चाललं असतं. पण अलीकडच्या बायाही हसल्या. मैनामायच्या मागं उभ्या असलेल्या, तिच्या घरचं मीठ खाणाऱ्या. केसर हसत होती, तिला वाटलं, आता माय याहून तिखट शिवी देईल. माय अशी शिवी द्यायची की नदीतले मासे वर यायचे, म्हणे. पण मैनामायनं तोंड उघडलं नाही. ती वळली आणि घरी गेली. शिवी बरोबर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं खांडीत पहिला दगड ठेवला.

रायमलचे गवंडी वाटच बघत होते. खांड बुजली, पाणी पाटात चढलं, टेकडीच्या पोटातून पूर्वेला गेलं. तिकडं माणसं नाचली. वस्त्या झाल्या, विहिरी भरल्या. इकडं मेहूरच्या वाटेवर आरणी आधी बारीक झाली, मग नुसती डबकी राहिली, मग वाळू.

आता तुम्ही म्हणाल, आईनं एका शब्दावरून एवढं करावं? मीही म्हणते. पण मैनामायच्या मनात वेगळंच होतं, असं सांगतात. तिला वाटलं, पाणी थांबलं की लेक धावत येईल. "माय, चुकलं," म्हणेल. मग आपण तिला पोटाशी धरू आणि दगड काढून टाकू. ती रोज गच्चीवरून मेहूरची वाट बघायची. आणि तिकडं केसर म्हणायची, "शिवी तर आखाजीची होती. माय तेवढ्यावरून रुसायची नाही. ती मुऱ्हाळी पाठवील, मग जाईन. न बोलावता माहेरी जायला मी काय भिकारीण आहे?" एकीला वाटे तिनं यावं, दुसरीला वाटे हिनं बोलवावं. दोघींची नाकं एकसारखी होती, लोक आधीपासून म्हणायचे.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. चैत्रात मेहूरच्या बाया नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी काढू लागल्या. केसर राणी होती, तरी ती बायांबरोबर झिऱ्यात उतरायची. झिरा रोज खोल जात होता. एके दिवशी ती तळाशी बसून वाटीनं घागर भरत असताना वरची वाळू ढासळली. बायांनी हातांनी उकरलं. उकरून काढली, पण उशीर झाला होता.

पहाऱ्याजवळच्या एका गुराख्यानं बातमी दहिगडला आणली. रायमल रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "माय, ती पाण्यानं नाही गेली. वाळूनं गेली."

मैनामाय उठून आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही, म्हणे.

पुन्हा आखाजी आली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न झालेल्या लेकीची घागर सासरी भरायची, माहेरी नाही. त्या दिवशी सकाळी केसरची सासू पहारे ओलांडून दहिगडला चालत आली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले, तर म्हातारी म्हणाली, "मार की. एक म्हातारी मारून मिशीला पीळ दे." कोण मारणार? ती सरळ वाड्याच्या दारात आली. डोक्यावर कोरी घागर, रिकामी.

"विहीणबाई," ती म्हणाली, "आम्हाला प्यायला पाणी मागायला नाही आले. तुमच्या लेकीची घागर भरायचीय. आमच्याकडं पाणी नाही."

मैनामाय उठली. तिनं पहार मागितली. रायमल आडवा आला. "माय, पूर्वेला माणसं वसवलीत. त्यांची पोरं काय पितील?"

केसर गेल्यानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "तेही माझ्याच माथी," म्हणाली, आणि चालू लागली.

दोघी म्हाताऱ्या बंधाऱ्यावर गेल्या. एकीनं पहार धरली, दुसरीनं दगडानं ठोकली. शिपाई बघत राहिले. बराच वेळ काही होईना. मग एक दगड हलला, निसटला, आणि पुढचं पाण्यानंच केलं. विहिणीनं खांडीत वाकून घागर भरली, डोक्यावर घेतली आणि कोरड्या पात्रातून मेहूरकडं निघाली. मागून आरणी. सांगतात, की एवढं तुंबलेलं पाणी, पण ते म्हातारीच्या पुढं गेलं नाही. तिच्या टाचेला टाच लावून चाललं. मेहूरच्या वेशीत तिनं घागर उतरवली, तेव्हा नदी गावात शिरली.

मैनामाय काठावरच राहिली. पलीकडच्या काठाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "केसर, ये गं! आखाजीला ये!" वर्षभर जी हाक तिनं गिळून ठेवली होती, ती तेव्हा मारली. पुढं मरेपर्यंत दर आखाजीला मारत राहिली.

पूर्वेच्या वस्त्या उठल्या. टेकडीतला पाट अजून आहे, कोरडा, त्यात निवडुंग वाढलाय. तिथल्या माणसांची गोष्ट कुणी सांगत नाही. सांगायला हवी होती. राजे गेले, गड पडले. पाण्याची भांडणं तेवढी आहेत तशीच आहेत, फक्त शिपायांच्या जागी कोर्टातले वकील आले.

आजही आखाजीला आम्ही दोन काठांवर उभ्या राहतो. अशा शिव्या घालतो की पोलीस पाटील कानांवर हात ठेवून निघून जातो. उन्हं कलली की गलका थांबतो. मग दहिगडची सगळ्यात म्हातारी बाई खांडीजवळ जाते आणि हाक मारते, "केसर, ये गं! पाणी प्यायला ये!" ती हाक गेलेल्या लेकीला आहे, तिला पलीकडून कुणी ओ द्यायची नाही. मेहूरच्या नव्या सुनांना हे आधी बजावून ठेवावं लागतं. नाहीतर माहेरची हाक आली असं वाटून एखादीच्या तोंडून "आले" निघून जातं.