घागरीतले मासे

कोणे एके काळची ही गोष्ट आहे. पण ऐकताना ती कालचीच वाटली तर नवल मानू नका. लहानांनी ती ऐकावीच, आणि ज्यांच्या हाती कारभार आहे अशा मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक मोठं तळं होतं. त्यात मरळ मासे इतके, की काठावरच्या भोईवाड्यात कुणी उपाशी झोपत नसे. पण माणसाची हाव वाढली. बारीक विणीची जाळी आली, पिलंसुद्धा उपसली गेली, आणि बघता बघता तळं ओस पडलं. त्यात चूक भोयांचीही होती, आणि ती त्यांनी नाकारली नाही.

तेव्हा राजाने दवंडी पिटवली. तळं पुन्हा जितंजागतं करायचं आहे, त्यासाठी प्रत्येक घराने सुगीतला वाटा राजकोषात द्यावा. मासे वाढले की गळ टाकण्याचे शौकीन पाहुणे देशोदेशींहून येतील आणि साऱ्या राज्यात बरकत येईल. लोकांना ते पटलं. ज्यांनी तळं जन्मात पाहिलं नव्हतं, अशा लांबच्या गावांतल्या लोकांनीही कणगीत हात घातला. भोयांकडे धान्य नव्हतं. त्यांनी मासेमारी थांबवली. भोईवाड्याची म्होरकी होती हौसा. तिनेच आधी आपलं जाळं गुंडाळून ठेवलं आणि मग इतरांना सांगितलं.

तळ्याचं काम राजाने प्रधानावर सोपवलं. प्रधान मोठा तडफदार. त्याने आधी घडीव दगडांचा घाट बांधला. मग पाहुण्यांसाठी विश्रामगृह उठवलं, रंगीत नावा आणल्या, गळ टाकून बसायला छत्र्यांचे चौथरे केले. काठाच्या लव्हाळ्यात गळाची दोरी अडकते म्हणून लव्हाळी उपटायला लावली. आता मरळ अंडी घालते ती त्याच गवतात, आणि पिलांची राखणही तिथेच करते. भोयांनी हे प्रधानाला जाऊन सांगितलं. प्रधानाने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी उपटणारे मजूर वाढवले.

काठ असा सजला की नव्या नवरीने लाजावं. पाण्यात मात्र मासा नाही. आणि पाहुणे तर यायला निघाले होते.

मग प्रधानाने युक्ती काढली. डोंगरापलीकडच्या राज्यातून जिवंत मासे विकत घ्यायचे, घागरींत भरून कावडीने आणायचे आणि पाहुणे उठण्याआधी तळ्यात सोडायचे. पैसा अर्थातच राजकोषातला. कावडी आल्या त्या भोयांच्याच खांद्यावर, कारण मासेमारी थांबवून बसलेल्यांना दुसरं काम कोण देणार? कुठे बोलायचं नाही, अशी अट मजुरीतच होती.

हौसाही कावड वाहत होती. घागर पालथी करताना आपण चोरी करतो आहोत असं तिला वाटे. पण भोईवाड्यातल्या चुली त्या मजुरीवर पेटत होत्या, म्हणून तीही गप्प राहिली. मासे सुटायचे, दुपारपर्यंत गळाला लागायचे, पाहुणे खूश व्हायचे आणि राजा पाहुण्यांहून खूश.

एका वर्षी राजाने थाट मांडला. शेजारच्या साऱ्या राजांना गळ टाकायला बोलावलं. त्यांच्यासाठी आणखी एक चौथरा हवा होता. तळ्याच्या दक्षिण कोपऱ्यात थोडी लव्हाळी अजून उभी होती. प्रधानाने तीच जागा नेमली.

त्या लव्हाळ्यात हौसाला काही दिवसांपूर्वी मरळीची एक जोडी दिसली होती. तांबूस पिलांचा गोळा पाण्यात वरखाली होत होता आणि नरमादी त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. किती वर्षांनी तळ्यात असं काही जन्मलं होतं. हौसा मुकादमाकडे धावली. पिलं मोठी होईपर्यंत, फक्त पंधरवडाभर थांबा, अशी तिने विनवणी केली. मुकादम म्हणाला, हुकूम आहे. मजुरांनी लव्हाळी दाताळ्यांनी ओढून काढली. गवताबरोबर पिलंही बाहेर आली आणि तापल्या चिखलावर तडफडून पडली. हौसा ओंजळीने उचलत राहिली, पण ओंजळ ती केवढी. गढूळ पाण्यात ती जोडी अजून घिरट्या घालत होती.

हौसा ओल्या लुगड्यानेच प्रधानाकडे गेली आणि पाहिलं ते सगळं तिने सांगितलं. प्रधान रागावला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, पाहुण्यांना काठ स्वच्छ लागतो. मासे काय, आणखी आणू."

परतीच्या वाटेवर ते शब्द तिला इंगळी डसावी तसे डसत राहिले. लोकांनी पोराबाळांच्या तोंडचा घास काढून दिला तो तळ्यासाठी, आणि या माणसाला मासा म्हणजे बाजारातून आणायची चीज वाटत होती. आणि ती आणत होतं कोण? आपणच.

संध्याकाळी तिने भोईवाडा गोळा केला आणि राजे येतील त्या दिवशी कावड उचलायची नाही असं सांगितलं. कुजबुज झाली. तिचा दीर धोंडू म्हणाला, "मजुरी गेली तर खायचं काय, वहिनी?"

"आज खातो आहोत ते काय आहे, धोंडूभावजी?" हौसा म्हणाली. "लोकांनी तळ्यासाठी दिलं, आणि आपण त्यांच्याच डोळ्यांत धूळ टाकायला घागरी वाहतो आहोत. हा घास मला आता गिळवत नाही."

मग धोंडूनेच आपली कावड भिंतीला टेकवून ठेवली.

चौथरा बांधून झाला, राजे आले, आणि ठरल्या दिवशी चौघडे वाजले, छत्र्या उघडल्या, राजांनी गळ टाकले. सकाळ गेली, दुपार झाली. एक दोरी हलली नाही. पाहुण्यांनी आधी थट्टा केली, मग जांभया दिल्या. एक राजा म्हणाला की यापेक्षा आमच्या मुदपाकखान्याच्या हौदात जास्त मासे आहेत. यजमान राजाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने प्रधानाला विचारलं. प्रधान म्हणाला, भोयांनी मासे चोरले.

हौसाला सगळ्यांसमोर आणून उभं केलं. राजाने विचारलं, "तळ्यातले मासे कुठे नेलेस?"

हौसाने मान खाली घातली नाही. "महाराज, आम्ही काही नेलं नाही. आज फक्त आणून टाकलं नाही. आज दिसतंय, तेच तुमचं तळं आहे."

मग तिने घागरींची हकीकत सांगितली, आपल्या मजुरीसकट. राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान घाटाचे दगड न्याहाळत होता.

"मला हे कुणी सांगितलं नाही," राजा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," हौसा म्हणाली. "दरवेळी गळाला मासा लागायचा, तेवढं तुम्हाला पुरत होतं."

पाहुणे त्याच दिवशी निघून गेले. प्रधानाला घरी पाठवलं. राजाने हौसाला शिक्षा केली नाही. करायला त्याला तोंडच उरलं नव्हतं. पण राजकोष रिता होता. त्याने पुन्हा दवंडी पिटवली, तेव्हा लांबच्या गावांनी दारं लावून घेतली. एकदा दिलं होतं, एवढंच ते म्हणाले. शेवटी राजाने विश्रामगृह दगड-दगड करून विकलं, घाट खणून काढला आणि त्या जागी लव्हाळी लावली. भोयांनीही त्याला हातभार लावला, पण पोट भरेना म्हणून भोईवाड्यातली तरणी माणसं तोवर परमुलखात खडी फोडायला गेली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी तळ्यात मरळ दिसू लागली. गेलेली माणसं मात्र परतली नाहीत, आणि त्या राज्यात दवंडी ऐकून कणगीत हात घालणारा पुन्हा कुणी भेटला नाही.

तात्पर्य: तळ्यासाठी दिलेला लोकांचा घास जो काठाच्या शोभेवर उधळतो, तो तळं तर बुडवतोच, पण लोकांचा विश्वासही बुडवतो.