पोशाचं विसाव्या हिश्शाचं गलबत

डोकं चालवू नकोस, सांगितलं तेवढंच कर, असं बजावणारे तुम्हीच. आणि एखादा तेवढंच करतो तेव्हा कपाळ बडवणारेही तुम्हीच! आता ऐका, काय झालं ते.

खाडीकाठच्या एका गावात पोशा नावाचा एक भोळा गडी होता. मिशा भरघोस, मन साफ. तो कुंदाताईच्या कारखान्यात कामाला होता. तिथे लाकूड कापणारं मशीन होतं. संगणकावर माप द्यायचं, की ते गरगरत फळी कापून द्यायचं.

कुंदाचे वडील हिराजी तांडेल. त्यांचं गलबत कधीच मोडीत निघालं होतं. यंदा नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याचा मान त्यांना मिळाला होता. नारळ आपल्याच गलबतातून न्यायचा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. म्हणून कुंदाने त्या गलबताचं मॉडेल करायला घेतलं.

"पोशा, बाबांचं गलबत होतं तसंच्या तसं काप."

गलबत चाळीस फुटांचं, मशीनचं टेबल चार फुटांचं. पोशाने विचार केला आणि भिंत फोडली.

"अरे, फळी बाहेर कुठे चालली?"

"अजून तीस फूट जायचीय, ताई."

"देवा! इथे सगळं विसाव्या हिश्शानं करायचं. सगळं!"

"बरं, ताई. आता कळलं."

फळ्या सुबक कापल्या गेल्या. गलबत उभं राहिलं. ते पाहायला गावचे पंच आले. पोशाने चहा दिला. कपाच्या तळाशी चमचाभर.

"माणसांच्या बाबतीत नाही रे! माणूस आला की पूर्ण माप!"

"बरं, ताई. आता कळलं."

मग गलबताच्या सुकाणूवर तांडेलाची बाहुली बसवायची होती. पोशा टेप घेऊन हिराजींकडे गेला. डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं. तुकडे कापले, चिकटवले आणि साडेपाच फुटी तांडेल दोन फुटी गलबतावर उभा केला. डोलकाठी काडकन मोडली.

कुंदाचा आवाज जेट्टीपर्यंत गेला. "गलबतावर जे चढेल ते गलबताच्या मापाचं! माणूस असो, नाहीतर देव असो!"

"बरं, ताई. आता कळलं."

तिने नवी डोलकाठी बसवली. पौर्णिमा उजाडली. गावाने पूजलेला, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ कारखान्यात आला. कुंदा म्हणाली, "मी बाबांना घेऊन पुढे जाते. तू नारळ गलबतावर चढव आणि गलबत घेऊन ये."

पोशाने नारळ हातात घेतला. गलबताकडे पाहिलं. तो हसला. या खेपेला तो चुकणार नव्हता.

जेट्टीवर बँड थांबला. अख्खं गाव जमलेलं. हिराजींनी गलबतावरचं फडकं उचललं. आत चिंचोक्याएवढा नारळ. तीन डोळे, शेंडी, सगळं जिथल्या तिथे.

"पोशा," कुंदा दबक्या आवाजात म्हणाली, "बाकीचा नारळ कुठाय?"

"त्याचा भुसा झाला, ताई. झाडून ठेवलाय."

भरती ओसरू लागली होती. पूजलेला नारळ तेवढाच. हिराजींनी तो दोन बोटांत धरला, कपाळाला लावला आणि दर्यात सोडला. आवाजसुद्धा आला नाही.

मागे टोपली घेऊन उभी असलेली गोमाबाय म्हणाली, "घ्या! आता दर्या शांत होणार, तोपण विसाव्या हिश्शानंच."