दाराच्या तळाची तीन भोकं

पावसात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेवरून जे पाणी खाली ओघळतं, ते पुढे कुठे जातं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? काचेच्या तळाशी रबराची पट्टी असते. तिथपर्यंत पाणी दिसतं आणि मग दिसेनासं होतं. आपण काच पुसतो आणि विसरून जातो. ज्याचा तो व्यवसायच होता, अशा एका माणसालाही हा प्रश्न फार उशिरा पडला. त्याची ही गोष्ट.

एकदा एका तालुक्याच्या गावी, हमरस्त्याच्या कडेला, एक वृद्ध मिस्त्री राहत असत. त्यांचं नाव दौलतराव, पण लहानथोर सारे त्यांना वस्ताद म्हणत. पत्र्याचं एक गॅरेज, पुढे कडुनिंब, कडुनिंबाखाली माठ आणि एक बाकडं, एवढाच त्यांचा पसारा. त्यांच्या हाताखाली शिकून कितीतरी जण निरनिराळ्या गावी स्थिरावले होते. आता वस्तादांपाशी एकच शिष्य उरला होता, निवास. वय अठ्ठावीस, काम अत्यंत नेटकं. दाराचा स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात तो परत गेला पाहिजे, असा त्याचा आग्रह. वस्ताद त्याचं कौतुक करत, पण ते त्याच्या पाठीमागे.

निवासला आपल्या कामाइतकाच आपल्या घराचाही अभिमान होता. दीड वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं. घरात आई, तो आणि सारिका; सासूला ती आत्याबाई म्हणे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो संध्याकाळी घरी आला, तेव्हा सारिका दारातच म्हणाली होती, "आज ना, आत्याबाईंनी..." आणि निवासने हात वर केला होता. "आपल्या घरात कुरबुर चालायची नाही. बाहेरचं बाहेर, आणि घर कसं शांत पाहिजे." सारिकाने आणखी तीन-चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी हात वर झाला. मग ती बोलायची थांबली.

"वस्ताद, आमच्या घरात एकदाबी भांडण झालेलं नाही," निवास अनेकदा सांगे, आणि त्यासाठी आपण हात कसा वर केला तेही.

"हं," वस्ताद म्हणत आणि पुढचा पान्हा मागत.

त्या वर्षी सारिका चुलतबहिणीच्या लग्नासाठी कवठ्याला माहेरी गेली. ते लग्न होऊन महिना उलटला, तरी ती आली नव्हती. निवास फोन करी. "कधी येतेस?" "येईन." "काही झालंय का?" "काही नाही." आवाजात राग नसे, रडू नसे. राग असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं. आणि मागच्या रविवारी तिचा भाऊ टेंपो घेऊन आला, चहा प्याला आणि तिची शिलाई मशीन घेऊन गेला. चार दिवसांच्या मुक्कामासाठी कोणी शिलाई मशीन नेत नाही, एवढं निवासला कळत होतं. ती परत येणार की नाही, हा एकच विचार तेव्हापासून त्याच्या मनात होता, आणि तो त्याने एकट्या वस्तादांना बोलून दाखवला होता. उद्यावर पाडवा आला होता.

पाडव्याच्या त्या आदल्या दिवशी, दहाच्या सुमारास, विटकरी रंगाची एक जुनी सेडान गॅरेजसमोर येऊन थांबली. डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला काच नव्हती. सीटवर काचेचे बारीक चौकोनी कण साखरेसारखे पसरले होते. गाडी चालवत होते हर्डीकरकाका, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मागच्या सीटवर, मांडीवर पातेलं घेऊन, हर्डीकरकाकू बसल्या होत्या.

"वस्ताद, चोरी नाही, अपघात नाही," काका उतरता उतरता म्हणाले. "आमच्या सौभाग्यवतींनी फोडली."

"आणि किल्ली आत ठेवून दार कोणी लावलं, तेही सांगा," काकू म्हणाल्या.

"तू पिशवी दिलीस म्हणून हात गुंतला."

"म्हणजे पिशवीचा दोष."

"अगं, मी एस.टी.नं घरी जाऊन दुसरी किल्ली आणणारच होतो. दोन तासांचा तर प्रश्न होता."

"आणि आत उन्हात माझा चक्का होता. उद्याच्या श्रीखंडाचा. दोन तासांनी तुम्ही त्याची कढी प्यायला असता."

"म्हणून दगडी बत्ता घालायचा काचेवर?"

"बत्ता लोखंडी. दगडाचा असतो तो वरवंटा. आजच घेतला हा बत्ता, तुमच्यासमोर. बेचाळीस वर्षं खलबत्त्यातलं खाताय आणि ठाऊक नाही."

वस्तादांनी हसू दाबलं, चक्क्याचं पातेलं काकूंच्या हातून घेतलं आणि ओलं फडकं गुंडाळून माठाच्या सावलीत ठेवलं. मग निवासला म्हणाले, "मागं भंगारात याच गाडीचं एक दार पडलंय. त्याची काच शाबूत हाय. ती काढून बसव."

"आणि हे बघ बाळा," हर्डीकरकाका निवासला म्हणाले, "काम पक्कं कर. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये."

निवास कामाला लागला. त्याने काच वरखाली करायचं हँडल काढलं, दाराचं आतलं पॅड उतरवलं, त्यामागचा प्लास्टिकचा कागद हलक्या हाताने सोडवला. दाराच्या पोकळ पोटात काचेचा खच पडला होता. त्याने व्हॅक्यूम मशीनने तो ओढून घेतला, ब्रश फिरवला, कोपऱ्यातले कण चिमट्याने वेचले. अगदी तळाला तीन लहान भोकं होती. त्यांतही कण अडकले होते. तारेने टोचून त्याने ती मोकळी केली, आणि मग थबकला. थेंब जाता कामा नये, असं काका म्हणाले होते. भोकं उघडी ठेवली तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून आत येणार. त्याने रबराची तीन बुचं कापली, भोकांत घट्ट बसवली, वरून सिलिकॉन लावलं. मग भंगारातल्या दाराची काच काढून आणली, धुतली, पुसली, खाचेत सोडली आणि ती वरखाली करणाऱ्या यंत्रणेला जोडली. पॅड आणि हँडल परत बसवून ते फिरवलं. काच लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली.

हे सगळं होईपर्यंत बाकड्यावर वाद चालूच होता. किल्लीवरून तो काकांच्या विसराळूपणावर गेला, तिथून सदतीस वर्षांपूर्वी एस.टी.त राहिलेल्या एका छत्रीवर, आणि तिथून काकूंच्या भावावर. निवासला त्या दोघांची दया आली. एवढं वय झालं, आणि घरात क्षणाची शांती नाही. चहा आला. काकांनी आपला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि छत्रीचं वाक्य अर्धवट सोडून बशी आधी काकूंपुढे धरली. काकूंनी ती घेतली आणि उरलेलं वाक्य त्यांच्या वतीने स्वतःच पुरं केलं. निवासने ते पाहिलं, पण त्यावर त्याने विचार केला नाही.

"वस्ताद, झालं," तो म्हणाला.

वस्ताद उठले. त्यांनी काचेवरून तळवा फिरवला, दार उघडून लावून पाहिलं. मग माठाकडे गेले, तांब्या भरून आणला, आणि सगळ्यांच्या देखत काच आणि रबर यांच्या फटीत ओतला. सगळाच्या सगळा.

"अहो, अहो, हे काय करताय?" हर्डीकरकाका उभे राहिले.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि दाराखालच्या मातीकडे पाहत राहिले. माती कोरडीच होती. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. माती तरीही कोरडी. मग त्यांनी दार धरून हलकेच हलवलं. आतून, अर्ध्या भरलेल्या घागरीतून यावा तसा, पाणी डचमळल्याचा आवाज आला.

"निवास, पाणी कुठं गेलं रं?"

"आतच असंल, वस्ताद. तळाची भोकं मी बुजवलीत. रबर घालून, वर सिलिकॉन. खालनं थेंब येणार नाही."

"आणि वरनं?"

"वरनं..." निवासने फटीकडे पाहिलं. "वरनं कसं थांबवणार? फट बुजवली तर काच हलणार नाही."

"मग?"

निवास वाकून दाराच्या तळाकडे पाहू लागला.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "काच हलती ठेवायची तर फट ठेवावी लागती. फट ठेवली की पाणी आत येणारच. ज्यानं ही गाडी बनवली, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं पाणी अडवायचा नाद केला नाही, त्याला जायला खाली वाट दिली. तू वाट बुजवलीस. आता दार वरनं कोरडं दिसंल, पुसलेलं, चकचकीत. पाणी आत साठत राहील. दोन पावसाळ्यांनी तळाचा पत्रा गळून पडंल, आणि मालक म्हणंल, या दारानं कधी तक्रार केली नव्हती."

"बरं झालं, पाडव्याआधी कळलं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडेही सगळं बुजवायची हौस आहे एकाला."

"मी फक्त थेंब म्हणालो होतो," हर्डीकरकाका म्हणाले.

निवासने पॅड पुन्हा उतरवलं. बुचं उपसताच तिन्ही भोकांतून पाणी वाहू लागलं. त्याने सिलिकॉन खरवडून काढलं, दार पुन्हा जोडलं. वस्तादांनी तिसरा तांब्या ओतला, आणि दाराखाली मातीत तीन बारीक धारा पडल्या. हर्डीकर पतिपत्नी गाडीत बसली. या वेळी काकू पुढे बसल्या, चक्का मांडीवर घेऊन. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत नव्या काचेतून त्यांचा हलणारा हात दिसत होता. छत्रीचा विषय बहुधा अजून संपला नव्हता.

निवास ओल्या मातीकडे पाहत उभा होता.

"वस्ताद, चूक झाली."

"काम चांगलं केलंस. चूक मनातली हाय." वस्ताद बाकड्यावर टेकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली. निवास बसला. "तुझ्या घरात कधी भांडण झालं नाही, हे तू मला कितीदा सांगितलंस?"

निवास बोटांना चिकटलेलं सिलिकॉन खरवडू लागला.

"दोन माणसं एका छपराखाली राहायची म्हणजे काच हलती ठेवायची. फट आलीच. कुणाचा शब्द, कुणाची नजर, कुणाचं ताटात वाढणं, सगळं आत झिरपतं. तुझ्या घरातबी झिरपलं असंल. सारिका ते सांगायला तुझ्यापाशी आली, तर तू हात वर केलास. म्हणजे पाणी आलं नाही असं नव्हं, पोरा. तू बूच घातलंस. ती बोलायची थांबली, त्याला तू शांती म्हणालास. आता ती रागावत पण नाही म्हणून तुला भ्या वाटतंय, आणि ते बरोबर वाटतंय. अजून पत्रा शाबूत असंल तर जा. समजवायला जाऊ नको. नुसतं ऐकायला जा."

निवासने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. वस्तादांना नमस्कार केला आणि मोटारसायकल काढली.

कवठ्याला तो पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. सासरे शेतात होते, सासूबाई उद्याच्या गुढीची काठी धुवत होत्या. पडवीत शिलाई मशीन मांडलेली होती आणि सारिका त्यावर कुणाचं तरी परकर-पोलकं शिवत होती. तिने उठून पाणी दिलं. "जेवून जाल ना?" पाहुण्याला विचारावं तसं तिने विचारलं.

"सारिका, आई काय म्हणायची, ते मला सांग. पहिल्यापासून."

"काही नाही."

"मी हात वर करणार नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खरं बोलतोय की नाही, हे तिला चेहऱ्यावरून पारखायचं होतं. निवासने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिला. तिला हसू आलं नाही, पण तिने मशीनच्या चाकावरचा हात काढला.

"मी घासलेली भांडी आत्याबाई परत घासतात," ती म्हणाली. "रोज. माझ्यासमोर."

'एवढंच?' हा शब्द निवासच्या ओठांपर्यंत आला. त्याला मातीतल्या तीन बारीक धारा आठवल्या. तो शब्द त्याने गिळला आणि विचारलं, "आणि?"

"आणि," सारिका म्हणाली, "मी शिवलेला झंपर त्यांनी अजून एकदाही घातलेला नाही. मापं घेऊन शिवला होता. सांगायला आले, तर तुम्ही..." आणि मग ती रडू लागली. निवास हलला नाही. सासूबाई काठी धुता धुता थांबल्या, दाराआडून एकवार डोकावल्या, आणि चुलीपाशी जाऊन त्यांनी पाहुण्याच्या वाट्याचं पीठ आणखी मळायला घेतलं.

ज्या घरात कुरबुर ऐकू येते, ते घर कुजत नसतं. तिथलं पाणी वाहतं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका निवासच्या मोटारसायकलवर बसून कवठ्याहून निघाली. शिलाई मशीन मागाहून भावाच्या टेंपोने यायची होती. वाटेतल्या गावांत दारोदारी गुढ्या उभ्या राहत होत्या, आणि आपलं गाव येईपर्यंत ती एकसारखी बोलत होती.