सगुण तांडेलाची ओ

फार वर्षांपूर्वी, करंजवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या मोरवणेला जायला होडीशिवाय वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या होडीचा तांडेल होता सगुण. खाडीच्या तोंडाशी, जिथे नदीचं पाणी समुद्राला मिळतं, तिथून तो दिवसातून सहा खेपा करायचा. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, त्याचा धाकटा भाऊ भिकाजी उभा असायचा आणि मागे सुकाणूवर सगुण.

सगुणचा आवाज मोठा होता, असं म्हणतात. किती मोठा, तर करंजवेळच्या धक्क्यावरून त्याने हाक मारली की मोरवणेच्या देवळातली घंटा आपोआप किणकिणायची. पलीकडच्या बायका म्हणायच्या, सगुण निघाला, आता भात उतरवा.

त्या काळी धुक्यात होडी हाकायची एक रीत होती. समोरचं काही दिसेनासं झालं की तांडेल हाळी द्यायचा, "होऽऽ, कोण?" आणि धुक्यात जी कोणती होडी असेल तिने ओ द्यायची, आपलं गाव सांगायचं. मग दोघं आपापलं सुकाणू वळवायचे. आधी ओ, मग वळणं. ओ कुठून आली हे कळल्याशिवाय वळलं तर उलट अंगावर जायची भीती. ही रीत कोणी मोडत नसे. गावातले दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, एका माडाच्या झाडावरून कोर्टात गेले होते. पण धुक्यात एकाने हाळी दिली की दुसरा ओ द्यायचा, गाव सांगायचा, आणि किनाऱ्याला लागल्यावर पुन्हा तोंड फिरवून चालू लागायचा. पाण्यावर वैरीसुद्धा ओ देतो, असं म्हणतात.

तेव्हा दूरदेशी मोठं युद्ध चाललं होतं. करंजवेळला त्याची खबर लागली ती रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा. मग एके दिवशी खाडीच्या बाहेर करड्या रंगाचं एक लढाऊ जहाज येऊन उभं राहिलं, आणि पोलीस पाटील कागद घेऊन धक्क्यावर आला. होडीवर दिवा लावायचा नाही. शंख फुंकायचा नाही. मशाल, ढोल, काही नाही. लोकांनी मुकाट्याने ऐकलं. सगुणने तेवढं विचारलं की हाळीचं काय. पाटलाने कागद खालीवर करून पाहिला आणि हाळीचं काही लिहिलेलं नाही असं सांगितलं. सगुणला तेवढं पुरे होतं.

माघात मोरवणेची जत्रा असते. त्या वर्षी जत्रेच्या दिवशी सकाळी असं धुकं पडलं की सुकाणूवरून नाळ दिसेना. तरी माणसं चढलीच. अठरा माणसं, आणि न्हानू कुंभाराची मडकी. न्हानूने वर्षभराची मडकी एकाच खेपेला भरली होती. बसायला जागा नाही म्हणून बायका मांडीवर एकेक मडकं घेऊन बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "न्हानू, जत्रेक माणसां येतली का तुझी मडकीच फिरतली?" सगळी होडी हसली. त्या होडीतलं ते शेवटचं हसणं अजून लोक आठवतात. तशी माणसांनी भरलेली होडी, तशी थट्टा, ती आता कुठे राहिली आहे? पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते आणि शेजारी कोण बसलंय हे कळतही नाही.

खाडीच्या मधोमध सगुणला पाण्याचा आवाज बदललेला जाणवला. काहीतरी मोठं पाणी ढकलत येत होतं. त्याने हाळी दिली. ओ आली नाही. त्याने पुन्हा हाळी दिली, आणि होडीतली माणसं बोलायची थांबली. भिकाजी नाळेवरून म्हणाला, "दादा, वळय."

"थांब रे," सगुण म्हणाला. "ओ येवंदे."

आणि त्याने तिसरी हाळी दिली. ती अशी होती की मोरवणेच्या देवळातली घंटा नुसती किणकिणली नाही, तुटून खाली पडली, असं म्हणतात.

ओ आली नाही. धुकं फाटलं आणि त्यातून करडी भिंत आली. भिकाजी उभा होता तिथेच ती होडीवर आदळली. होडीचे दोन तुकडे झाले. भिंत त्यांच्यामधून सरळ पुढे गेली आणि पुन्हा धुक्यात मिसळली. युद्धात जहाजाने थांबायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता म्हणे. असले हुकूम लिहिणारे बहुतेक कोरड्या जागी बसलेले असतात.

पाणी गार होतं आणि ओहोटी लागलेली. पाच माणसांना पोहता येत होतं, बाकीच्यांना नाही. पण न्हानूची मडकी पाण्यावर आली. असं म्हणतात की एकेक मडकं एकेका माणसाला शोधत गेलं, उपडं होऊन छातीखाली शिरलं, आणि शंभरावर मडक्यांतलं एकही त्या घटकेपुरतं फुटलं नाही. सगुणने तुटलेल्या डोलकाठीला मिठी मारली आणि हाळ्या द्यायला सुरुवात केली. जो ओ देईल त्याच्याकडे डोलकाठी ढकलायची, त्याला काठीला धरायला लावायचं, पुढची हाळी द्यायची. अशी त्याने अठरा माणसं गोळा केली. न्हानूची बायको मिळाली, ती म्हातारी मिळाली. भिकाजी मिळाला नाही.

सगुण त्याचं नाव घेऊन हाका मारत राहिला. किती वेळ, ते कोणालाच सांगता येत नाही. आणि मग धुक्यातून, लांबून, बारीक अशी ओ आली.

सगुण काठी सोडून आवाजाच्या दिशेने पोहत गेला. तिथे भिकाजी नव्हता. टक्कर झाली तेव्हा जहाजावरून खाली फेकला गेलेला एक खलाशी होता, गोरा, पिकल्या मिशांचा, एका फुटक्या फळीला चिकटलेला. सगुण त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. भावाच्या जागी हा. मग त्याने त्याची मानगूट धरली आणि त्याला ओढत काठीपाशी आणलं.

न्हानू कुंभार दातओठ खात म्हणाला, "आमच्या हाळीक ह्येंच्या जहाजान ओ दिली? मग ह्येका कित्याक आणलंस?"

"ह्येना तरी दिली," सगुण म्हणाला. "ओ दिली तो आपल्या होडीतलो."

मग सगळे मिळून पाय मारत, ओहोटी कापत, काठीसकट करंजवेळच्या खडकाला लागले. धुकं विरलं तेव्हा दुपार झाली होती.

भिकाजीची बायको भागी खडकावर उभी होती. तिने अठराही माणसं नजरेखालून घातली. खलाशालाही पाहिलं. मग ती सगुणपाशी आली आणि तिने एकच गोष्ट विचारली.

"त्येंनी वळवूक सांगल्यानी काय, भावजी?"

सगुणला खोटं बोलता आलं असतं. "सांगल्यान गे," तो म्हणाला. "मी म्हटलंय, थांब."

भागी वळून घराकडे निघाली. त्या दिवसापासून सगुणला झोप लागेना. आपला आवाज कमी पडला का, हाळी जहाजापर्यंत पोचलीच नाही का, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं. आवाज कमी पडला असेल तर भाऊ आपल्यामुळे गेला. त्याला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं.

महिन्याभराने चौकशीला साहेब आला. धक्क्यावरच्या बंगल्यात टेबल मांडलं, कागद वाचून दाखवला. होडीवर दिवा नव्हता, म्हणून चूक होडीची. तांडेलाने खाली अंगठा लावावा. ज्यांनी दिवा लावायला मनाई केली तेच आता दिवा का नव्हता म्हणून विचारत होते. हे ऐकून आजही करंजवेळची शाळेतली पोरंसुद्धा संतापतात, आणि संतापायलाच हवं. पण सगुण दिव्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्याने कारकुनाला विचारायला लावलं की मी तीन हाळ्या दिल्या, त्या जहाजावर कोणी ऐकल्या का.

साहेबाने या प्रश्नाची गरज नाही म्हणून सांगितलं. तेव्हा भिंतीपाशी बसलेला तो मिशावाला खलाशी उठून उभा राहिला. साहेब त्याच्यावर ओरडला, तरी तो खाली बसला नाही. कारकुनाने त्याचं बोलणं हळू आवाजात सांगितलं: त्या सकाळी जहाजाच्या पुढच्या टोकावर पहारा माझाच होता. तिन्ही हाका ऐकल्या. तिसऱ्या हाकेला मी तोंड उघडलं होतं. पण आवाज करायची मनाई होती.

सगुण त्या माणसाकडे बघत राहिला आणि मग, असं म्हणतात, त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उशिरान दिलंस," तो म्हणाला. "पण दिलंस."

मग तो साहेबाला म्हणाला की कागदावर तीन हाळ्या आणि शून्य ओ असं लिहा, मी अंगठा लावतो. असं लिहायला कागदावर जागा नाही, असं उत्तर आलं. सगुण अंगठा न लावता बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा होडीचा परवाना गेला.

परवाना गेलेला तांडेल काय करणार? सगुण खाडीच्या तोंडावरच्या खडकावर जाऊन बसला. त्या खडकावरून जी हाळी कानावर येईल तिला तो ओ देऊ लागला. मोरवणेच्या होडीची हाळी असो, मासेमारांची असो, चुकलेल्या गलबताची असो. युद्ध संपलं, जहाजं भोंगे वाजवत जाऊ लागली, तो भोंग्यांनाही ओ द्यायचा. एकदा ज्येष्ठात अचानक वादळ झालं आणि बाहेर गेलेल्या चाळीस होड्यांना किनारा दिसेना. सगुण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका हाळीला वेगळी ओ देत बसला, आणि प्रत्येक होडी आपापल्या ओच्या दोरीने ओढल्यासारखी आत आली, असं म्हणतात. त्यानंतर त्याचा आवाज बसला तो बसलाच. तरी ओ ऐकू यायचीच. घशातून नाही, खडकातून यायची, असं सांगणारी माणसं परवापरवापर्यंत होती.

भागी रोज त्याच्यासाठी पेज घेऊन खडकावर जायची. भांडं ठेवायची आणि परत यायची. बावीस वर्षांत ती त्याच्याशी फार बोलली नाही, पण पेज एक दिवसही चुकली नाही.

सगुण गेला तो श्रावणात. पुढच्या माघात पहिलं धुकं पडलं त्या सकाळी मासेमारांनी सवयीने हाळी दिली आणि खडकावरून बाईच्या आवाजात ओ आली. भागी जाऊन बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नाही. तिच्यानंतर गावाने घरटी पाळी लावली. ज्या दिवशी धुकं, त्या दिवशी ज्याची पाळी त्या घरातलं एक माणूस उजाडताच खडकावर जातं आणि धुकं विरेपर्यंत उठत नाही. याला करंजवेळमध्ये सगुणची पाळी म्हणतात.

आता पूल झाला. होड्यांना यंत्रं आली, खिशात फोन आले, हाळी द्यायची कोणाला गरज राहिली नाही. पाळी मात्र चालू आहे. गेल्या माघात ती न्हानू कुंभाराच्या घराची होती. घरात नवीन आलेली सून घाटावरची, समुद्र पहिल्यांदाच बघणारी. तीच गेली. दहा वाजता धुकं विरलं तेव्हा ती घरी आली. सासूने विचारलं, कोणी हाळी दिली का. ती नाही म्हणाली, एकही नाही.

"पण मी दोनदा ओ दिली," ती म्हणाली. "एखादी राहून गेली असली तर."