चंपकवाटिकेचे निळे पाणी

एका राज्यात, जिथे ढग डोंगरांवरून उतरून गवतात विसावत, तिथे चंपकवाटिका नावाचे राजाचे खासगी उपवन होते. त्यात सोन्याचे हंस विहरत, वीणा आपोआप वाजत, आणि मधोमध एक निळे सरोवर होते. त्या पाण्याने कोणतीही व्याधी बरी होई. पण वाटिकेभोवती उंच तट होता, आणि राजा सुधन्वा परक्याला आत येऊ देत नसे.

एकदा भैरवाक्ष नावाचा मांत्रिक आजारी मुलीला खांद्यावर घेऊन दाराशी आला. त्याने ओंजळभर पाणी मागितले. राजाने दार उघडले नाही. मुलीने तिथेच प्राण सोडला. मांत्रिकाने मूठभर माती वाऱ्यावर सोडली. "या राज्यातली लेकरे पाषाण होतील," असे म्हणून तो डोंगरात निघून गेला. तेव्हापासून मुलांची आधी पावले दगडाची होत, मग गुडघे, मग कंबर.

सुधन्व्यामागे त्याची कन्या मृगांका राणी झाली. एके सकाळी तिची लेक कुमुदिनी म्हणाली, "आई, माझे पाय उचलत नाहीत."

राणी तिला कडेवर घेऊन सरोवराकडे धावली. ओंजळ भरायला वाकली, तसे पाणी मागे सरले. ती पुढे गेली, पाणी आणखी दूर गेले.

चाफ्यावरची साळुंकी बोलली, "राणी, हे पाणी एकट्या लेकराला मिळायचे नाही. तट पाड. खजिना सोड. ज्याला तुझ्या पित्याने परतवले, त्याला घेऊन ये."

राणीने तट पाडला. दगड खाली पडता पडता पारवे होऊन उडाले. खजिना खुला केला, सोन्याचे हंस आपणहून वितळले, त्यांची औषधांची पात्रे घडवली, रंगमहालात खाटा मांडल्या. गावोगावचे आईबाप आपली जड झालेली मुले बैलगाड्यांतून घेऊन आले. पाणी मात्र दूरच राहिले.

मग राणी अनवाणी डोंगर चढली. भैरवाक्ष गुहेत बसला होता. त्याच्या जटांत बर्फ साचला होता.

"तुझी लेक दगड होऊ लागली, म्हणून आलीस," तो म्हणाला.

"हो. त्याआधी मलाही तट पाडावासा वाटला नव्हता," राणी म्हणाली. मग तिने विचारले, "तुमच्या मुलीचे नाव काय होते?"

हे त्याला कोणीच विचारले नव्हते. "रेवती," तो म्हणाला, आणि जटांतला बर्फ पाझरू लागला.

"पाणी आधी कोणाला? तुझ्या लेकीला?" त्याने विचारले.

"जी मुले आधी आली, त्यांना," राणी कशीबशी म्हणाली.

मांत्रिक उठला.

तो सरोवराच्या काठाशी येताच पाणी त्याच्या पावलांपर्यंत आले. त्याने एकेका मुलाला हाताने न्हाऊ घातले. कोणी रडू लागले, कोणी रांगू लागले. कुमुदिनीची पाळी येईतो तिच्या फक्त पापण्या हलत होत्या. राणी जागची हलली नाही. भैरवाक्षाने शेवटची ओंजळ कुमुदिनीच्या माथ्यावर सोडली.

"गार आहे," कुमुदिनी म्हणाली, आणि तिने पायाची बोटे हलवली.

शाप सरला, राज्य सावरले. वाटिका राणीने लेकरांच्या नावे केली, आणि भैरवाक्ष तिथला वैद्य झाला. ती मुले जशी चालती झाली, तशी ऐकणाऱ्यांच्या अंगणातली पावलेही धावती राहोत.