वेशीपर्यंत ऐकू जाणारा सायलेन्सर

"हा काय आवाज आहे?" ढोलखेडचे धडाडराव महाराज गरजले आणि समोर उभ्या सोपान मिस्त्रीची टोपी उडाली. "एवढी ऐसपैस क्रूझर मोटरसायकल! दिसायला वाघ आणि आवाज मांजर घोरल्यासारखा? सायलेन्सर बदल!"

खुद्द महाराजांचा आवाज असा, की ते महालात शिंकले तर वेशीवरचा पहारेकरी "शतायुषी व्हा!" म्हणायचा.

"बदलतो, सरकार."

"थांब! आम्ही निघालो की थेट वेशीपर्यंत कळलं पाहिजे. पण इथे तान्ह्या युवराजांची झोप मोडता कामा नये. परवा ते उठले तेव्हा राणीसाहेबांनी आम्हाला..." महाराज एकदम हळू बोलू लागले. "ते जाऊ दे. उद्या असा सायलेन्सर बसव. नाहीतर जन्मभर गाडीवर आम्ही बसणार, ढकलणार तू, आणि भडभड आवाजही तोंडाने तूच काढायचा!"

सोपानने लांबलचक सायलेन्सर लावून पाहिला. युवराज झोपले, पण वेशीवरचा पहारेकरीही झोपला! मग आखूड नळी लावली. आवाज वेशीवर पोचला, महालाची कौलं निसटली, आणि युवराजांनी असा टाहो फोडला की राणीसाहेब सज्जात येऊन नुसत्या बघत राहिल्या. महाराज गाडीमागे लपले.

सोपानची बायको गजरा महालात युवराजांचा पाळणा हलवायला होती. संध्याकाळी घरी येऊन बघते तर नवरा भिंतीकडे तोंड करून "भडभडभड" करतोय.

"अहो, हे काय?"

"नव्या नोकरीची तयारी!"

गजराला हसू आलं, त्यातच जांभई आली. युवराजांच्या कृपेने तिला धड झोप कशी ती ठाऊक नव्हती. "उद्या आखूड नळीच लावा," ती म्हणाली. "आणि टाकीत पेट्रोल बेताचंच ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालू झाली. मोर उडाले, युवराज उठले!

"सोपान, ढकल!" महाराज गाडी बंद करणार, तोच गजरा युवराजांना खांद्यावर घेऊन धावत आली.

"बंद नका करू, महाराज! अंगणात फेऱ्या मारा!"

महाराज फिरू लागले. भडभड, भडभड... युवराज पेंगले आणि बघता बघता झोपले! महाराजांनी खूश होऊन गाडी थांबवली.

"ट्यँ!"

चालू केली, झोप. बंद केली, ट्यँ!

"हे काय गौडबंगाल आहे?"

"काही नाही, सरकार," गजरा म्हणाली. "बाळाला एकदा ताल लागला की आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. थोपटणारा हात थांबला की होतं, तसंच!"

"मग आम्ही थांबायचं कधी?"

"ते युवराज ठरवतात."

महाराज फिरत राहिले. स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास आला, गेला. जेवण निवलं. आणि गाडी म्हणाली, "फट्... फुस्स!" पेट्रोल संपलं!

युवराजांनी ओठ काढला. सज्जात राणीसाहेब दिसल्या.

"गजरा, काहीतरी कर!"

"मी काय करणार? आमचे हे तोंडाने आवाज काढतील हो, पण तो फाटकापर्यंतही जायचा नाही. वेशीपर्यंत पोचणारा गळा ढोलखेडात एकच आहे."

महाराजांनी सज्जाकडे पाहिलं. घसा खाकरला.

"भड... भड... भडभडभड!"

युवराजांनी ओठ आत घेतला, डोळे मिटले. तेवढ्यात लांबून वेशीवरची आरोळी आली, "महाराज निघाले! दरवाजा उघडा!"

गजरा लवून म्हणाली, "घ्या सरकार, तुमचा सायलेन्सर! वेशीपर्यंत ऐकू गेला आणि युवराज गाढ झोपलेत. शिवाय याला पेट्रोल लागत नाही, गंज चढत नाही!"

महाराजांना हसू फुटलं, पण थांबायची सोय कुठे होती? "भडभड-हा-हा-भडभड-हा!" हसता हसता त्यांनी सोपानला हातानेच माफ केलं, गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून गजराच्या हाती दिला आणि भुवया उडवून विचारलं, आणखी काय हवं?

"झोप, महाराज! एक अख्खी!"

तिने युवराजांना अलगद महाराजांच्या कुशीत ठेवलं, पदर पसरला आणि तिथेच अंगणातल्या लिंबाखाली आडवी झाली.

"आवाज चालू ठेवा हं, सरकार," डोळे मिटता मिटता ती म्हणाली. "आता मलाही ताल लागलाय!"